हाजच्या बाटलीतला थेंब

७ फेब्रुवारी, मंगळवार

आज परत म्हणाला! तोंड वर करून, सगळ्यांच्या देखत. सलूहाला खोकला आला एवढंच निमित्त. म्हणे, "सिगारेटी सोडा रे बाबांनो, नाहीतर अम्मारसारखी गत होईल. सिगारेटनं खाल्लं त्याला." सलूहा माझ्या शेजारी बसते, बावीस वर्षं. जन्मात तिनं सिगारेट हातात धरलेली नाही. पण हाज खमायस बोलला म्हणजे बोलला. मालकाच्या जिभेला कोण आवरणार?

हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी त्यानं कबरस्तानात उच्चारलं होतं. माझ्या नवऱ्यावर अजून माती पडायची होती. दफनाच्या वेळी आम्हा बायकांना तिथं जाता येत नाही, माझ्या भावानं, नूरीनं, घरी येऊन सांगितलं. सांगताना रडत होता. मी रडले नाही. माझं रडणं तिथंच आटलं.

अम्मार एकोणीस वर्षं त्याच्या कारखान्यात बुटांना तळवे चिकटवत बसला. खिडकी नसलेली खोली, पुढ्यात सोल्युशनचा उघडा डबा, हातात ब्रश. एक दिवस हिरड्यांतून रक्त आलं. मग मांड्यांवर काळेनिळे डाग. मग ताप. रक्ताचा कॅन्सर! चार महिन्यांत सगळं आटोपलं. आणि हा नामानिराळा.

मला त्याचं काही नको. ज्या तोंडानं बोलला त्याच तोंडानं, सगळ्या कारखान्यासमोर, ते वाक्य परत घ्यायला लावीन. तोवर त्याच्याच छपराखाली बसून बुटांच्या कडा चिकटवीन. सलूहा विचारते, "बसवतं कसं गं तुला तिथं?" बसवतं! घरी बसून काय करू, भिंतींना शिव्या देऊ?


८ फेब्रुवारी

आजचं दूध नासलेलं होतं. तरी सगळे प्यायले.


११ फेब्रुवारी, शनिवार

या दुधाचं एकदा लिहूनच ठेवते. रोज सकाळी आठ वाजता हाज स्वतः उभा राहून प्रत्येकाला पेलाभर दूध पाजतो. दूध पोटात गेलं की सोल्युशनचं विष धुऊन निघतं म्हणे. त्याच्या बापानं सुरू केलं, हा चालवतो. पाहुणा आला की सांगतो, "माझ्या माणसांना मी दुधावर ठेवलंय." जसं काही आम्ही मांजरं!

अम्मारनं एकोणीस वर्षं ते दूध प्यायलं. एक दिवस चुकवला नाही. शेवटी इस्पितळात गिळता येत नव्हतं, तर मला म्हणाला, "दूध दे, जरा धुऊन निघेल." मी दिलं. काय करणार होते?

वाफ नाकानं आत जाते आणि दूध जातं पोटात. एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. तेव्हा मीही पीत होते, दुधाची मिशी पुसत!


१५ फेब्रुवारी, बुधवार

आज कामगारांच्या दवाखान्यातून डॉक्टरीण आली. युस्रा नाव. पस्तिशीची असेल. बोलते हळू, पण ऐकावं लागतं. अम्मारनंतर मागच्या गल्लीतल्या कारखान्यातलाही एक जण तसाच गेला, म्हणून वरून हुकूम निघालाय. चिकटवणाऱ्या अकरा जणांची आणि आम्हा कडावाल्या बायकांची लघवी तपासणार.

लघवी म्हटल्यावर पुरुष फिदीफिदी हसायला लागले. तिनं हसू दिलं. मग म्हणाली, "शरीराच्या बारीक बारीक कणात एक मजकूर लिहिलेला असतो. शरीर कसं चालवायचं त्याचा. ही वाफ आत गेली की तो मजकूर गंजतो. लोखंड गंजतं तसा. शरीर बिचारं गंजलेले तुकडे कापतं, नवे बसवतं आणि कापलेले लघवीतून बाहेर टाकतं. मी ते तुकडे मोजणार. जितके जास्त तितका आत गंज जास्त. रोज दुरुस्ती होते म्हणून माणूस चालतो. एखाद दिवशी दुरुस्ती चुकते."

"चुकली की?" नूरीनं विचारलं. तो अम्मारच्याच जागेवर बसतो आता. माझा भाऊ, माझ्या नवऱ्याच्या जागेवर! कितीदा सांगितलं सोड. म्हणतो, "दुसरं काय येतं मला, ताई?"

"चुकली की त्यातून कॅन्सर होऊ शकतो."

"आणि सिगारेटनं काय होतं, डॉक्टरीणबाई?" हाजनं जिन्यावरून विचारलं. आवाजात साखर.

"सिगारेटनंही हेच होतं."

हाजनं टाळी वाजवली. खरंच वाजवली! "घ्या लिहून! माझी हरकत नाही, तपासा. अकराच्या अकरा जण धुराडी आहेत."

तेव्हा उमगलं, मेला एवढा राजी का झाला ते. त्याला कागद हवाय. सरकारी शिक्क्याचा. वर लिहिलेलं असेल — सिगारेट!


१६ फेब्रुवारी

दिवसभर दातओठ खात बसले. चार जोड्या वाकड्या चिकटवल्या.


२० फेब्रुवारी, सोमवार

सापडलं! अगं दलेंदा, सापडलं!

सलूहा रमजानला किती दिवस राहिले ते बोटांवर मोजत होती. म्हणाली, "बाप्यांचे हाल बघ आता. रोजा राहिला बाजूला, सिगारेट नाही म्हणून दुपारी एकमेकांना चावायला उठतात." आणि माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. रमजानात पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत सिगारेट नाही. पण काम आहे! सकाळी आठ ते दुपारी तीन, तीच खोली, तोच डबा. मग सकाळी आठची लघवी आणि दुपारी तीनची लघवी. मधे जे वाढलं ते कुणाचं? सिगारेटचं तर नाही!

सुटल्यावर थेट दवाखान्यात गेले. डॉक्टरणीनं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मी आठ वर्षं शिकले," म्हणाली, "आणि हे मला सुचलं नाही." तपासणी रमजानातच घेऊ म्हणाली आणि चहा मागवला माझ्यासाठी. पाइनचे दाणे घातलेला!


२ मार्च

डॉक्टरणीशी भांडले.

तिला म्हटलं, कागदावर स्पष्ट लिहा, अम्मारला सोल्युशननं मारलं. म्हणाली, "ते मला लिहिता येणार नाही. अम्मार दिवसाला किती ओढायचे?" मी पिशवीचा बंद आवळला. "एक पाकीट? दलेंदाबाई, सोल्युशनमध्ये जे विष आहे ना, तेच सिगारेटच्या धुरातही असतं. सोल्युशनमध्ये जास्त, धुरात कमी. दोन्हीकडून मार बसला. कुठला घाव शेवटचा ते मेलेल्या माणसात बघता येत नाही."

"तुम्ही हाजच्या बाजूच्या!" म्हणून उठले. दार आपटलं.

घरी आले, भाजी जाळली. आता इथं कुणी वाचत नाही म्हणून लिहिते. ते पाकीट रोज सकाळी कोपऱ्यावरून मीच आणून द्यायचे. त्याच्या कोटाच्या खिशात मीच घालायचे. बायकोनं नवऱ्याचं करावं तसं. म्हणजे मीही? नाही. नाही! मला माहीत नव्हतं. हाजला माहीत होतं. डब्यावर कवटी छापलेली असते, ती तो रोज बघतो.


२३ मार्च, गुरुवार

पहिला रोजा. हाजनं सगळ्यांना खजूर वाटले. दूध बंद, महिनाभर. बघू, विष कसं धुऊन निघतं आता!


२८ मार्च, मंगळवार

सलूहानं आज कानात सांगितलं. सांगू की नको करत होती. "तुझा नूरी दुपारच्या सुट्टीत नमाजाला जात नाही. जुन्या शहराच्या तटाच्या दाराशी ते कॉफीचं दुकान आहे ना, काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेलं..."

तळपायाची आग मस्तकात गेली. रोजा मोडला म्हणून नाही, तो आणि त्याचा अल्ला बघून घेतील. पण पुढच्या आठवड्यात तपासणी! डॉक्टरीण विचारणार, आज सिगारेट ओढली का? आणि हे सगळे छातीवर हात ठेवून सांगणार, "रमजानात? तोबा तोबा!" इथं माणूस एक वेळ चोरी कबूल करील, रमजानात दिवसा ओढल्याचं मरेपर्यंत करणार नाही. मग हाजला एवढंच पुरे. म्हणेल, चोरून ओढतात, तुमचा कागद खोटा!

मी एवढी अक्कल चालवली, आणि माझाच भाऊ तिच्यावर राख झाडतोय.


२९ मार्च, बुधवार

गेले! सरळ दार ढकलून आत गेले. त्या दुकानात आजवर बाई शिरली नसेल. आत धूर असा की पलीकडची भिंत दिसेना. पंचवीसएक बाप्ये. सगळ्यांच्या माना खाली. एकानं कप टेबलाखाली लपवला, एकानं तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं, उलटं. कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला, "बाई, आलीस तर आलीस, दार तेवढं लावून घे. रस्त्यावरनं दिसतं."

"ताई! तू इथं?" नूरी.

"मी इथं? मेल्या, तू इथं!"

आमच्या कारखान्यातले पाच निघाले. अकरातले पाच! मी मधोमध उभी राहिले, आवाज चढवला नाही. म्हटलं, "तुमचा रोजा तुमच्यापाशी. मी कुणाच्या घरी सांगणार नाही. पण सोमवारी डॉक्टरणीच्या कागदावर खोटं लिहाल, तर हाज जिंकेल. मग पुढच्या वर्षी तुमच्यातला एखादा मातीत जाईल आणि हाज वर उभा राहून म्हणेल, सिगारेटनं खाल्लं त्याला. हे चालत असेल तर ओढा. मजेत ओढा."

नूरीनं हातातली विझवली. "डॉक्टरणीला काय सांगू? मी पापी आहे म्हणून?"

"किती वाजता किती ओढल्या ते सांग. तेवढंच तिला हवंय."

बाहेर आले. कपड्यांना धुराचा वास. शेजारणीनं रस्त्यात वास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. आता मीच रोजा मोडणारी ठरणार! ठरू दे.


१ एप्रिल

पाचही जण दवाखान्यात जाऊन आले. एकेकटे, मागच्या दारानं. डॉक्टरणीनं एकाचंही नाव मला सांगितलं नाही. दार आपटल्याचं ती विसरलेली दिसते. मी नाही.


३ एप्रिल, सोमवार

तपासणीचा पहिला दिवस. बाटल्या द्यायच्या, परत घ्यायच्या, बर्फाच्या पेटीत ठेवायच्या, ते काम डॉक्टरणीनं माझ्यावर सोपवलंय. म्हणाली, "तुमचं सगळे ऐकतात."

सकाळी हाज उतरला आणि सगळ्यांसमोर ऐटीत बाही वर केली. "माझीही घ्या! हज करून आलेला माणूस आहे मी. चौसष्ट वर्षांत ओठाला सिगारेट लावलेली नाही. वर कचेरीत बसतो. स्वच्छ माणसाची लघवी कशी असते ते लोकांना दिसू दे एकदा." सगळे हसले. सही ठोकली कागदावर.

डॉक्टरणीनं विचारलं, "सोल्युशनशी तुमचा संबंध?"

"मालक आहे मी, बाई!"

खोटारडा. दर सोमवारी सकाळी मागच्या खोलीत दार लावून सोल्युशन तोच कालवतो. पिंपातलं स्वस्तातलं थिनर किती घालायचं ते कुणाला कळू देत नाही. बोटांनी चोळून बघतो, नाकाशी नेऊन हुंगतो, घट्ट झालं की परत ओततो. तासभर. अम्मारनं मला कितीदा सांगितलं होतं — हाजचं नाक म्हणजे तराजू. पण मी बोलले नाही. मनात दुसरंच शिजायला लागलं होतं.


४ एप्रिल, मंगळवार

लिहू का? लिहिते.

दुपारी तीनला त्यानं बाटली माझ्या हातात दिली. वर, "सांभाळून हं, हाजी माणसाची आहे," असं म्हणून हसला. माझ्यासमोर! अम्मारच्या बायकोसमोर! उद्या कागद येईल. सगळ्यांचे आकडे वर आणि याचा तळाला, आणि हा तो कागद चौकटीत घालून भिंतीवर लावील. ते हसू मला आत्ताच दिसत होतं.

सगळे हात धुवायला गेले होते. माझ्या डब्यात ब्रश होता. झाकण उघडलं. एक थेंब. एकच. टोपण लावलं, पेटीत ठेवलं.

घे, हाज. ज्यात माझा नवरा बुडवलास ते तुझ्याही बाटलीत दिसू दे.


५ एप्रिल

दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले. रोजा सुटल्यावर दोन वाट्या सूप, तीन तळलेले अंड्याचे ब्रीक, वर हरिसाचं तिखट. नूरी बघतच राहिला.


८ एप्रिल, शनिवार

डॉक्टरणीनं बोलावलं. दार लावून घेतलं. बसायला सांगितलं नाही.

"एका बाटलीचं टोपण काढलं तर प्रयोगशाळेतल्या माणसाच्या नाकाला झणका बसला. तिच्यात कुणीतरी सोल्युशन टाकलंय."

मी तिच्या चष्म्याकडे बघत राहिले.

"दलेंदाबाई, शरीर सोल्युशनला आहे तसं बाहेर टाकत नाही. यकृतात त्याचं वेगळंच काहीतरी होतं, त्या गंजलेल्या तुकड्यांबरोबर तेही मी मोजते. बाटलीत डबाभर ओतलंत तरी माझ्या यंत्राला कळलं असतं. तुम्ही स्वतःचं हसं केलंत, बाकी काही नाही." मग आवाज चढला. तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "आणि हे बाहेर फुटलं असतं तर? एक बाटली खोटी म्हणजे सगळ्या खोट्या! अकरा माणसांचं फेकून द्यावं लागलं असतं मला. त्या पाच जणांनी माझ्यासमोर मान खाली घालून खरं सांगितलं, ते सगळं वाया! कुणासाठी? एका थेंबाच्या सुखासाठी?"

लाज वाटली, आणि रागही आला. लाज वाटली म्हणून जास्तच राग आला.

"मी पोलीस नाही. कुणी टाकला ते मला माहीत नाही, असं मी धरून चालते. ती बाटली यादीतून काढली. हाजना परत बोलावलंय, आणि या वेळी मी रक्तच घेणार, माझ्या हातानं. माझ्या पेटीला पुन्हा हात लावायचा नाही तुम्ही."

पेटी सलूहाकडे गेली.


१० एप्रिल

हाज दवाखान्यात जाऊन आला. कुरकुरत. "तुमच्या लोकांना धड एक बाटली सांभाळता येत नाही!" मी खाली मान घालून कड दुमडत होते.


२१ एप्रिल, शुक्रवार

ईद. खारवलेला मासा आणि कांदा-मनुकांची शर्मूला केली, दालचिनी जरा जास्त पडली. अम्मारला अशीच आवडायची. नूरी आला, जेवला, जिन्यात जाऊन ओढून आला. रागावले नाही. दवाखान्यानं सोडायच्या गोळ्या दिल्यात त्याला, खिशात घालून फिरतो.

दुपारी कबरीवर गेले. अम्मारला सांगितलं, थोडं थांब.


९ मे, मंगळवार

आज कागद वाचला!

दूध देतात त्याच जागी डॉक्टरीण उभी राहिली. अकराच्या अकरा जणांचे आकडे सकाळपेक्षा दुपारी वर. ज्यांनी एकही ओढली नाही त्यांचेही वर. आम्हा बायकांचेही वर, थोडे कमी. सलूहाचा, जिनं जन्मात ओढली नाही तिचा, आमच्यात सगळ्यांत वर!

"सोल्युशन एकटंच पुरेसं आहे," डॉक्टरीण म्हणाली. "सिगारेट त्याला हात देते. दोन्ही असतील तर आकडा फार वर जातो. तेव्हा सिगारेटी सोडा, हे मी सांगणारच. पण हा डबा बदलला पाहिजे, भिंतीत पंखा बसला पाहिजे, आणि ते महिन्याच्या आत. दूध आवडतं म्हणून प्या. त्यानं काही धुऊन निघत नाही."

नूरी रडला. सलूहानं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. आणि मी? मी जिन्याकडे बघत होते. हाज नव्हता! मुकादम म्हणाला, दोन दिवस आलेच नाहीत. ज्या घटकेसाठी दोन वर्षं जगले त्या घटकेला मेला गैरहजर! सगळे ऐकत होते आणि ज्यानं बोलायचं तोच नाही.

पळाला. कागदाची बातमी लागली असणार आधीच. कुठं जाशील, हाज? सफाक्स शहर केवढं ते!


१२ मे

अजून नाही आला. मागच्या खोलीचं कुलूप तसंच. जुनं सोल्युशन संपलं, कालवायला कुणी नाही. आज काम बंद.


१५ मे, सोमवार

हाज आला. कारखान्यात नाही. माझ्या घरी.

दुपारच्या नमाजानंतर दार वाजलं. उघडलं तर हा. एकटा. तीन मजले चढून धापा टाकत होता. हे घर त्यानं कधी पाहिलं नव्हतं, अम्मार आजारी असतानासुद्धा नाही. मी 'या' म्हटलं नाही. त्यानंही आत पाऊल टाकलं नाही.

"दलेंदा, एक विचारायचंय. अम्मारला पहिल्यांदा काय झालं होतं?"

मला वाटलं माझी थट्टा करतोय. मग त्याचा हात बघितला. कठड्यावर ठेवलेला. मनगटापासून कोपरापर्यंत जांभळा. "कुठं आपटला नाही," म्हणाला. "नुसता टेकवला होता."

रक्तात दोष निघालाय. डॉक्टरणीनं घेतलं त्या रक्तात. मग मोठ्या इस्पितळात पाठवलं, कंबरेच्या हाडातून पाणी काढलं. हाडांच्या आत रक्त तयार होतं ती जागा थकत चाललीय त्याची. अजून पुरती बिघडलेली नाही, पण तोंड तिकडेच आहे.

दोन वर्षं रोज रात्री अंथरुणात मी या माणसाला बोलले आहे. एकेक शब्द घासून ठेवला होता. आता तो समोर उभा, जिन्यात, धापा टाकत. म्हटलं, "सिगारेटनं खाल्लं का हो, हाज?"

तो जांभळ्या हाताची बाही खाली ओढायला लागला. मग म्हणाला, "मी तर कधी ओढलीच नाही गं." पोरासारखं म्हणाला. मग, "चुकलं माझं. अम्मारच्या बाबतीत बोललो ते चुकलं. तुला हवं तर सगळ्यांसमोर सांगतो."

झालं! हेच हवं होतं ना? त्याच तोंडानं! पण ऐकायला कोण होतं? मी, आणि वरच्या मजल्यावरची वाळत घातलेली चादर. गोड लागेल वाटलं होतं. काहीच लागलं नाही.

जायला वळला आणि थांबला. "डॉक्टरीण म्हणते, नशीबवान आहात. ती पहिली बाटली नासली म्हणून रक्त घेतलं, नाहीतर घेणारच नव्हती. आणखी सहा महिन्यांनी कळलं असतं तर हातात काही राहिलं नसतं. आता उपाय आहे म्हणते." आणि वर तोंड करून म्हणाला, "ज्या कुणाच्या हातून ती बाटली नासली, अल्ला त्याचं भलं करो."

दार लावून घेतलं.

म्हणजे मी! मी वाचवलं याला? ज्याला जमिनीत घालायला निघाले होते त्याला माझ्याच हातानं? अम्मारसाठी असा कुणी थेंब टाकला नाही! अम्मारचं कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि याचं वेळेवर, का, तर मी याच्या वाइटावर होते म्हणून! हा कुठला न्याय? भांडी घासली. परत घासली. एक पेला फोडला, मुद्दाम.


१७ मे, बुधवार

कारखान्यात आला. दुधाच्या जागी उभा राहिला आणि बोलला, सगळ्यांसमोर. मी ऐकलं नाही. मागच्या खोलीत जाऊन बसले. सलूहानं नंतर सांगितलं, चांगलं बोलला.


१८ मे

त्याची मुलं दोन्ही परदेशात. बायको दम्याची, जिने चढवत नाहीत. त्या इस्पितळात रक्ताचा विभाग कुठल्या दारानं, चिठ्ठी कुठं मिळते, कुठल्या खिडकीपाशी सकाळी सहाला उभं राहायचं, यातलं त्याला काही माहीत नाही. मला आहे. चार महिने मी तेच केलं होतं.

मला काय त्याचं!


२२ मे, सोमवार

मेला सुईला घाबरतो! हात मलाच धरावा लागला.